पाहुण्याला काळा झेंडा दिसेल एवढ्या अंतरावर

गिरणगावकर (धागाकर्ता)

परदेशी राष्ट्राध्यक्ष किंवा पंतप्रधान मुंबईत येणार म्हटलं की दक्षिण मुंबईत दोन तयाऱ्या सुरू होतात. एक सगळ्यांना दिसते. दुभाजकांना रंग लागतो, फेरीवाले उठवले जातात, चौकाचौकात बांबू आणि बॅरिकेड येऊन पडतात. दुसरी फक्त ज्यांच्या दारात पोहोचते त्यांनाच कळते. पाहुण्याच्या विरोधात जे बोलू शकतील, त्यांच्या घरी आदल्या संध्याकाळी साध्या वेशातला माणूस येतो, नोटीस देतो आणि पोच म्हणून सही घेतो. काहींना सकाळी ठाण्यात बोलावून बाकावर बसवून ठेवतात. चहाही पाजतात. विमान उडालं की "जा आता" म्हणतात.

उरलेल्यांसाठी आझाद मैदान आहे. तिथे पत्र्याच्या आड तुम्ही कितीही घोषणा द्या. पाहुणा त्या वेळी ताज हॉटेलात नाहीतर बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात असतो. तुमचा आवाज त्याच्यापर्यंत जात नाही आणि त्याच्या देशातून आलेल्या पत्रकारांच्या कॅमेऱ्यापर्यंतही नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पाहुण्याच्या धोरणाला विरोध करणाऱ्यांना त्याच्या नजरेच्या टप्प्यात, आधी ठरवून दिलेली, सुरक्षित जागा मिळाली पाहिजे. संख्या ठरवा, झडती घ्या, तासाभराचीच वेळ द्या, सगळं मान्य. पण ती जागा दिसणारी हवी. ज्याच्या विरोधात निदर्शनं आहेत त्याला ती कळणारच नसतील, तर ती निदर्शनं कोणासाठी?

ही मागणी या शहराला नवी नाही. ३ फेब्रुवारी १९२८ ला सायमन कमिशन मुंबईच्या धक्क्यावर उतरलं. सात जणांचं कमिशन, सातही ब्रिटिश खासदार, पुढे पंतप्रधान झालेले क्लेमंट ॲटली त्यातलेच एक. हिंदुस्थानच्या राज्यघटनेचा विचार करायला निघालेल्या मंडळात एकही हिंदी माणूस नव्हता. तेव्हा पंचविशीत असलेल्या युसूफ मेहेरअली यांनी आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी ठरवलं की निषेध धक्क्यावरच, कमिशनच्या तोंडावर व्हायला हवा. आधी होड्या करून समुद्रातच गाठायचा बेत होता. तो पोलिसांना कळला, तेव्हा ही पोरं हमालांच्या वेशात बंदरात शिरली असं सांगतात. 'सायमन गो बॅक' ही घोषणा मेहेरअलींनी दिली आणि ती मुंबईच्या धक्क्यावरून देशभर गेली. पुढे 'क्विट इंडिया' हे शब्दही त्यांच्याच नावावर आहेत, आणि १९४२ मध्ये ते या शहराचे महापौर झाले.

या गोष्टीत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो त्यांचा जागेचा हट्ट. त्या दिवशी शहरात हरताळ होता, सभा होत्या. तेवढ्यावर समाधान मानता आलं असतं. पण सभा लांब चौपाटीवर आणि कमिशन धक्क्यावर, ही वाटणी त्यांनी मान्य केली नाही.

ज्यांना काळे झेंडे दाखवल्याचा किंवा ते अडवल्याचा अनुभव आहे, दोन्ही बाजूंच्या लोकांनी, कृपया लिहावं.

---

समुद्रफेणी

पूर्ण सहमत. जागेचा हट्ट म्हणालात म्हणून २००२ ची आठवण. त्या जानेवारीत चीनचे पंतप्रधान झू रोंगजी मुंबईत होते, नरिमन पॉइंटच्या ओबेरॉयमध्ये उद्योगपतींसमोर भाषण होतं. मुंबई विद्यापीठात शिकलेला तिबेटी कवी तेन्झिन त्सुंदू हॉटेलच्या बाहेरच्या बांबूच्या परांचीवरून चौदाव्या मजल्यापर्यंत चढला आणि तिथून तिबेटचा झेंडा आणि 'फ्री तिबेट'चा फलक सोडला. हातात ना दगड, ना काठी. ज्याच्यासाठी फलक होता तो माणूस आतच होता, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत तो फोटो गेला.

मी तेव्हा चर्चगेटला नोकरी करत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे "केवढी हिंमत" म्हणत होते. मला मात्र राहून राहून एकच वाटत होतं, की याला एवढं उंच चढावं का लागलं? समोरच्या फुटपाथवर, समुद्राच्या कठड्यापाशी, वीस तिबेट्यांना तासभर फलक धरून उभं राहू दिलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? जमिनीवर जागा नाकारली की माणसं जीव धोक्यात घालतात. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये हू जिंताओ आले तेव्हा ताजजवळ एका तिबेटी तरुणाने स्वतःला पेटवून घेतलं होतं. तो वाचला. पण त्या टोकाला माणूस जातो तेव्हा त्याच्यापुढे दुसरे कोणते रस्ते मोकळे होते, हे विचारायलाच हवं.

---

खाकी_निवृत्त

मी या शहरात बंदोबस्ताला उभा राहिलेला माणूस आहे. दुसरी बाजू लिहितो.

परदेशी पाहुण्याच्या दौऱ्यात सगळं आमच्या हातात नसतं. त्यांची माणसं आधी येऊन जागा बघतात, त्यांच्या अटी असतात, दिल्लीहून सूचना असतात. ताफ्याचा मार्ग शेवटपर्यंत सांगत नाहीत, पर्यायी मार्ग तयार असतो. २०१० मध्ये ओबामा आले तेव्हा मणिभवनाच्या आवारातल्या झाडांचे नारळसुद्धा उतरवले होते. लोकांना त्याचं हसू आलं, पण नारळ डोक्यात पडला असता तर हसणाऱ्यांनीच आम्हाला विचारलं असतं. आणि २६ नोव्हेंबर २००८ नंतर ताजच्या परिसरात जमाव उभा करा म्हणणं मला जड जातं. त्या रात्री आमची माणसं गेली आहेत.

निदर्शकांची भीती नसते. त्यांच्यात कोण मिसळेल याची असते. शंभर चांगली माणसं आणि एक वेडा, एवढं पुरतं.

घरी जाऊन नोटीस देण्याबद्दल. आम्हालाही ते आवडत नाही. ज्या काकांना वर्षानुवर्षं ओळखतो, ज्यांच्या मोर्च्यात कधी काच फुटली नाही, त्यांना ठाण्यात बसवायचं. पण वरून यादी येते.

---

गिरणगावकर

खाकी काका, मनापासून लिहिलंत, आभार. २६/११ ला गेलेल्या तुमच्या सहकाऱ्यांचं ऋण या शहरावर आहे. त्या जखमेवर पाय ठेवून मला कुठलीही मागणी करायची नाही.

पण ताफ्याचा मार्ग मी मागतच नाही. तो गुप्तच ठेवा. कार्यक्रमाची जागा मात्र गुप्त नसते. ओबामा सेंट झेवियर्समध्ये विद्यार्थ्यांशी बोलणार हे आधीपासून जाहीर होतं. तिथून मेट्रो सिनेमाचा चौक किती लांब आहे? तिथे पन्नास माणसं, ओळखपत्र तपासून, दोरीच्या आत. हे पन्नास लोक जल्लोष करायला जमले असते तर त्यांची सोय झालीच असती. स्वागताला शाळेची मुलं झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी करता येतात, तेव्हा त्यांच्यात कोणी मिसळेल ही भीती कुठे जाते?

आणि यादी वरून येते म्हणता, तर ज्यांच्या मोर्च्यात काच फुटली नाही त्यांची नावं तिच्यात का असतात, हेच मला विचारायचं आहे.

---

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

सगळं ठीक आहे, पण ज्या दिवशी हे पाहुणे येतात आणि ज्या दिवशी मोर्चे येतात, दोन्ही दिवशी सीएसएमटीहून जीटी रुग्णालयात ड्युटीवर पोहोचायला मला सारखाच त्रास होतो. रस्ता दोघांनीही अडवू नये. बाकी चालू द्या.

---

भायखळा_पूल

धागाकर्त्यांनी १९२८ सांगितलं, पण त्याच्या सात वर्षं आधीचं १९२१ गाळून हा विषय पुरा होत नाही.

१७ नोव्हेंबर १९२१. इंग्लंडचा युवराज, पुढचा आठवा एडवर्ड, अपोलो बंदरावर उतरला. काँग्रेसचा बहिष्कार होता. गांधीजींच्या हजेरीत परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात विदेशी कापडाची होळी झाली. सभा शांततेत पार पडली. पण शहराच्या दुसऱ्या भागात जमावाने स्वागताहून परतणाऱ्यांना गाठलं. विदेशी टोप्या आणि कपडे ओढून काढले, ट्राम फोडल्या, दारूची दुकानं जाळली. मार पडला तो पारशी, ख्रिश्चन आणि अँग्लो-इंडियन लोकांना. मग त्यांच्यातल्या काहींनी खादीची टोपी दिसेल त्याला मारायला सुरुवात केली. तीन-चार दिवसांत पन्नासाहून जास्त माणसं मेली.

युवराजाला ओरखडाही आला नाही. तो ठरलेला दौरा करून पुढे गेला.

गांधीजींनी १९ तारखेला उपवास धरला आणि २२ ला सोडला, तो शहर शांत झाल्यावर, सगळ्या समाजांचे पुढारी समोर बसवून. बार्डोलीचा सत्याग्रहही त्यांनी तेव्हा पुढे ढकलला. हा उपवास गावदेवीच्या मणिभवनात झाला. आज परदेशी पाहुण्यांना आपण आवर्जून दाखवायला नेतो ते हेच घर. ओबामांनाही नेलं. परदेशी पाहुण्याविरुद्धच्या निदर्शनांनी शेजाऱ्यांचं रक्त सांडलं म्हणून एक माणूस इथे अन्नाशिवाय बसला होता, हे मात्र पाहुण्यांना कोणी सांगत असेल असं वाटत नाही.

तेव्हा जागा मिळो न मिळो, पहिली अट ही, की विरोध खुर्चीवरच्या माणसाला. त्याच्या धर्माच्या, रंगाच्या किंवा त्याच्या स्वागताला गेलेल्या मुंबईकराला नाही.

---

नागावची_लेक

भायखळा_पूल, तुमचा प्रतिसाद वाचून लिहायचं धाडस करते.

मी बेने इस्रायली. आमचे पूर्वज रायगडच्या किनाऱ्यावर तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक शनवार तेली म्हणत. घरात मराठी, देवघरात हिब्रू. सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधलं, म्हणजे आम्ही या शहरात कालपरवा आलेलो नाही.

१८ जानेवारी २०१८ ला नेतान्याहू मुंबईत होते. नरिमन हाऊसला गेले, जिथे २६/११ ला सहा जणांना मारलं होतं. त्या दिवसांत आमच्या प्रार्थनास्थळांबाहेर बंदोबस्त वाढला. आईने मला गळ्यातला तारा ड्रेसच्या आत टाकायला सांगितलं. कोणी काही बोललं नव्हतं. नुसती भीती. त्याच सुमारास लोकलमध्ये एका बाईंनी आडनाव विचारलं आणि पुढचा प्रश्न विचारला, "मग तुमचं काय म्हणणं आहे गाझाबद्दल?" मी त्या सरकारला मत देत नाही. तिथे माझा मामा राहतो, एवढंच नातं. गाझातल्या मुलांचे फोटो बघून मलाही रडू येतं, पण ते सिद्ध करून दाखवायची जबाबदारी माझ्यावर का?

नेतान्याहूंच्या विरोधात मुंबईत कोणी फलक धरला तर माझी हरकत नाही. धरावा. पण फलकावर पंतप्रधानाचं नाव लिहा, त्याचा निर्णय लिहा. 'ज्यू' असं लिहिलेला फलक मी बघितला आहे, आणि तो धरणाऱ्याला बाकीच्यांपैकी कोणी थांबवलं नव्हतं.

---

समुद्रफेणी

@नागावची_लेक, ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. गलवाननंतर ईशान्येकडच्या आणि तिबेटी चेहऱ्यांना रस्त्यात 'चिनी' म्हणून हाका ऐकाव्या लागल्या. ज्यांनी चीनच्या विरोधात आयुष्य घालवलं त्यांनाच!

---

कोर्टकचेरी

उच्च न्यायालयात वकिली करते. कायद्याची बाजू थोडी मोकळी करून सांगते, कारण नोटीस हातात पडली की माणसं घाबरून जे सांगतील ते ऐकतात.

शहरात पाच किंवा जास्त जणांच्या जमावाला बंदी घालणारे आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली निघतात आणि मुंबईत ते थोड्या थोड्या दिवसांनी नव्याने निघतच असतात. घरी येते ती नोटीस बहुधा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १४९ ची, म्हणजे आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८. प्रत्यक्ष ताब्यात घेतात ते जुन्या १५१ खाली, आता १७०. त्यासाठी दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) करण्याचा तुमचा बेत पोलिसांना ठाऊक असावा लागतो आणि अटकेशिवाय तो टाळता येणार नाही असं दिसावं लागतं. काळा झेंडा दाखवणं हा स्वतःहून दखलपात्र गुन्हा नाही. चोवीस तासांच्या वर ठेवता येत नाही. "वरून यादी आली" हे या कलमात कुठेच बसत नाही. खाकी काका, तुमच्यावर राग नाही, पण हे लिहिणं भाग आहे.

आता घटना. कलम १९ च्या पोटकलम (२) मध्ये भाषण-अभिव्यक्तीवर ज्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात, त्यांत 'परकीय राष्ट्रांशी मैत्रीपूर्ण संबंध' हे कारण आहे. ते मूळ घटनेत नव्हतं, १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलं. पण शांततेने, विनाशस्त्र जमण्याच्या हक्कावरचे निर्बंध पोटकलम (३) मध्ये आहेत. तिथे दोनच कारणं आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, आणि सार्वजनिक सुव्यवस्था. परराष्ट्र संबंधांचा उल्लेखच नाही. म्हणजे पाहुणा नाराज होईल, एवढ्यासाठी जमायला मनाई करता येत नाही. फलकावरच्या मजकुराबद्दल सरकार (२) चा आधार घेऊ शकतं, हे मात्र लक्षात ठेवा. त्यासाठी कायदा हवा आणि निर्बंध वाजवी हवा.

निदर्शनांसाठी फक्त आझाद मैदान, याचं मूळ १९९७ मध्ये आहे. नरिमन पॉइंट-चर्चगेटच्या रहिवाशांनी रोजच्या मोर्च्यांच्या त्रासाबद्दल याचिका केली, तिच्यातून मोर्च्यांना ते एकच मैदान नेमून देण्याची व्यवस्था आली. रहिवाशांचा त्रास खरा होता. पण रोजच्या मोर्च्यांसाठी काढलेला तोडगा, वर्षातून दोन-चारदा येणाऱ्या परदेशी पाहुण्याच्या बाबतीत जसाच्या तसा लावला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतर आणि बोट क्लबच्या प्रकरणात सरसकट बंदी मान्य केली नाही, नियम करून परवानग्या द्या असं सांगितलं. सत्ताकेंद्राच्या जवळ निदर्शनं करण्यालाही अर्थ आहे, ही त्या निकालामागची जाणीव मुंबईत वापरायला हवी.

२०२५ चं उदाहरण ताजं आहे. गाझाबद्दल आझाद मैदानात सभा घ्यायला परवानगी नाकारली, त्याविरुद्ध डावे पक्ष उच्च न्यायालयात गेले. जुलैमध्ये याचिका फेटाळली गेली, आपल्या देशातले प्रश्न आधी बघा असं न्यायालयाने सुनावलं. पुन्हा प्रयत्न झाल्यावर ऑगस्टमध्ये पोलिसांनी परवानगी दिली आणि सभा झाली. बाहेरच्या देशातल्या अन्यायावर मुंबईकराने बोलू नये, हा विचार मला अजिबात पटत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदावर भारत १९४६ पासून संयुक्त राष्ट्रांत बोलत होता, तेव्हा आपल्या घरात प्रश्न कमी होते का?

---

भायखळा_पूल

कोर्टकचेरी ताई, १९(२) आणि (३) मधला फरक पहिल्यांदाच एवढा स्वच्छ कळला.

सायमनबद्दल एक राहिलं. त्या वेळी सगळी मुंबई एका बाजूला नव्हती. बाबासाहेबांनी कमिशनवर बहिष्कार टाकला नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे त्यांनी मे १९२८ मध्ये निवेदन दिलं, ऑक्टोबरमध्ये पुण्यात साक्ष दिली आणि मुंबई प्रांतिक समितीचे सदस्य म्हणून पुढच्या वर्षी स्वतंत्र अहवाल लिहिला. ज्यांच्या मुला-बाळांना गावच्या तळ्यावर पाणी मिळत नव्हतं त्यांच्यासाठी कमिशनपुढे बोलण्याची संधी सोडणं परवडणारं नव्हतं. तेव्हा त्यांना देशद्रोही म्हणणारेही होते.

म्हणून आजही, एखाद्या पाहुण्याच्या विरोधात मी उभा असेन आणि माझा शेजारी त्याला निवेदन द्यायला आत जात असेल, तर मी त्याची वाट अडवणार नाही.

---

खाकी_निवृत्त

ताईंनी लिहिलेली कलमं बरोबर आहेत. नाकारत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. अर्ज आदल्या दिवशी आला तर उत्तर 'नाही' हेच येतं, कारण कोणालाच जबाबदारी घ्यायला वेळ नसतो. दौरा जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज द्या. जिथे उभं राहायचं त्या हद्दीच्या ठाण्यात आणि आयुक्त कार्यालयात, दोन्हीकडे. आवक शिक्का घ्या. किती माणसं, कोणत्या गेटने येणार, ध्वनिक्षेपक नाही, स्वयंसेवकांचे फोन, सगळं त्यात लिहा. एक जागा मागू नका, तीन मागा. तीनही नाकारताना अधिकाऱ्याला तीन कारणं लिहावी लागतात. ती लिहिताना तो विचार करतो.

आणि नागावच्या लेकीने सांगितलं ते स्वयंसेवकांना आधी शिकवा. चुकीचा फलक आमच्या हवालदाराने हिसकावण्याऐवजी तुमच्याच माणसाने खाली घेतला तर पुढच्या वेळी परवानगी देणाऱ्याचा हात मोकळा होतो.

---

गिरणगावकर

काका, हे फार कामाचं आहे. आजच कच्चा अर्ज लिहायला घेतो. तीन जागा मागायच्या तर ताजच्या बाबतीत माझ्या डोळ्यांसमोर रिगलचा चौक, कूपरेजची बाजू आणि ओव्हलचं दक्षिण टोक आहे. रिगलला बसथांबा आहे, तो अडणार नाही असं बघावं लागेल. डोंबिवलीकरांची तक्रार आपल्याला ओढवून घ्यायची नाही. बीकेसीतलं कोणी असेल तर तिथली जागा सुचवा, मला तो भाग नीट माहीत नाही.

कोर्टकचेरी ताई, ज्यांना नोटिसा आल्या त्यांनी प्रती पाठवल्या तर नावं झाकून एकत्र करता येतील का? कलम कोणतं लावलं आणि कारण काय लिहिलं, एवढंच हवं आहे.

---

कोर्टकचेरी

येतील. व्यक्तिगत निरोपात पाठवा, धाग्यावर टाकू नका. नाव, पत्ता, फोन खोडूनच पाठवा. लेखी नकार मिळाला असेल तर तो नोटिशीपेक्षा जास्त उपयोगी आहे. तोंडी नकार मिळाला असेल तर तारीख आणि वेळ आठवून लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी आवक शिक्क्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका.

---

नागावची_लेक

फलकांवरचा मजकूर आधी वाचायला कोणी हवं असेल तर मी तयार आहे.